धुळीचा दाखला

बिल नाही, हे शालन बारंगुळे यांनी त्या सकाळी चौथ्यांदा सांगितलं.

पहिल्या तीन वेळा त्या भिंतीवरच्या पडद्याशी बोलत होत्या. सोलापूरच्या त्या दुरुस्ती केंद्रात शिरलं की आधी पडद्याशीच बोलावं लागे. पडद्यातला आवाज मराठी छान बोलायचा, मधूनच "अरेरे, असं झालं का" असंही म्हणायचा, पण फिरून फिरून त्याच जागी यायचा. कृपया खरेदीची पावती दाखवा. शेवटी त्यानेच हार मानली आणि शालनबाईंना आतल्या टेबलाकडे पाठवलं. तिथे रोहिणी येमूल बसली होती. तिशीतली, केंद्राची मुख्य तंत्रज्ञ, कपाळावर सरकवलेलं भिंग, बोटांना सोल्डरचे जुने डाग.

"बिल हरवलंय का मॅडम?"

"हरवायला आधी असायला हवं ना," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचं गाठोडं सोडलं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला लॅपटॉप बाहेर आला. "हा मला कोणीतरी भेट पाठवलाय. एसटीच्या पार्सलनं. सोबत चिठ्ठी होती, 'हातांच्या कामासाठी' एवढंच लिहिलेली. नाव नाही, गाव नाही."

"आणि तुम्ही शोधलं नाहीत कोण ते?"

"पुष्कळ शोधलं. बार्शीत ज्याला विचारावं तो म्हणे, बाई, मी नाही, पण मी असतो तर बरं झालं असतं."

रोहिणी हसली. तिने लॅपटॉप उलटा करून त्याचा क्रमांक वाचला आणि तिचं हसू मावळलं. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आल्यापासून प्रत्येक यंत्राला सहा वर्षांची हमी मिळत होती. बिल असेल तर ती विक्रीच्या दिवसापासून मोजायची, नसेल तर कारखान्यातून यंत्र बाहेर पडल्याच्या दिवसापासून. हा लॅपटॉप कारखान्यातून निघून सहा वर्षं दहा महिने झाले होते.

"पण माझ्याकडे आला त्याला अजून सहा वर्षं व्हायचीत," शालनबाई म्हणाल्या. "थोडेच दिवस कमी आहेत, पण व्हायचीत."

"तोंडी चालत नाही, मॅडम."

"मग दुरुस्तीचा खर्च मी देते."

"तोच तर प्रश्न आहे." रोहिणीने खुर्ची पुढे ओढली. "याचा मदरबोर्ड, म्हणजे मुख्य पाटी, गेलीय. हमीतलं यंत्र असेल तर कंपनी तीच पाटी जागी करून देते. हमीबाहेरचं असेल तर नवी बसवते आणि जुनी चिरडून टाकते. तुमचा सगळा साठा त्या जुन्या पाटीवर आहे. प्रत कुठे ठेवलीय का?"

"डिस्कवर आहे. पण तिचं कुलूप ह्याच्यातच आहे म्हणे. हा चालू झाला तरच ती उघडते."

"इंटरनेटवर?"

"नाही ठेवायची, असं वचन दिलं होतं सगळ्यांना."

हे 'सगळे' कोण ते शालनबाईंनी मग सांगितलं. त्या बार्शीच्या कर्णबधिर विद्यालयात तेहेतीस वर्षं शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या खेडोपाडी फिरू लागल्या. जिथे एखाद्या घरात एखादंच न ऐकणारं माणूस आहे, तिथे घरच्यांनी आणि त्या माणसाने मिळून आपली आपली खुणांची भाषा तयार केलेली असते. बाजरीची खूण वैरागमध्ये एक, माढ्यात दुसरी. त्या खुणा त्या व्हिडिओत टिपत होत्या. लॅपटॉप आल्यापासूनच्या सहा वर्षांत एकेचाळीस गावं झाली होती. त्यांतली नऊ माणसं आता हयात नव्हती, आणि त्यांच्या खुणा दुसऱ्या कोणाच्याच हातात नव्हत्या. खोटे चेहरे बनवणाऱ्यांच्या हाती आपली माणसं लागू नयेत म्हणून घरच्यांनी एकच अट घातली होती, हे इंटरनेटवर जायचं नाही.

रोहिणीने भिंग कपाळावरून डोळ्यांवर घेतलं आणि पुन्हा वर सरकवलं. मग उठून मागच्या खोलीचं दार उघडलं.

"या आत. तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक यंत्र आलंय. नियमात बसतं, पण अजून फारसं कोणाला माहीत नाही."

यंत्र शिवणाच्या मशीनएवढं होतं. रोहिणीने लॅपटॉपचं पाठीचं झाकण उघडलं, पंख्याच्या जाळीमागून चिमट्याने करड्या रंगाची एक चिंचोळी पट्टी सोडवली आणि काचेवर ठेवली.

"ही धूळ?" शालनबाईंना थोडी लाज वाटली. "मी पुसत असते हो वरून."

"बरं झालं आतून नाही पुसलीत." रोहिणीने काच यंत्रात सरकवली. "पंखा रोज बाहेरची हवा ओढतो. हवेतली धूळ या चिकट पट्टीवर बसते आणि लॅपटॉप तापला की रोजचा थर वाळून पक्का होतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वर्तुळ असतं ना, तसा इथे दिवसाचा एक थर. हे यंत्र ते थर सुटे सुटे वाचतं. याला धूलिवाचक म्हणतात."

"पण धुळीवर तारीख कुठे लिहिलेली असते?"

"तारीख दुसरीकडे आहे. प्रत्येक तालुक्याला हवा तपासायचं ठाणं आहे, तिथे रोजच्या धुळीचा नमुना गोळा करून नोंदवतात. कुठल्या फुलाचे परागकण किती, धूर किती, माती कुठली. त्याला आम्ही धूळ-पंचांग म्हणतो. तुमच्या पट्टीवरचा थर त्या पंचांगात जिथे जुळेल तो त्याचा दिवस आणि ते त्याचं गाव."

पडद्यावर रंगीत रेघा सरकू लागल्या. रोहिणी वाचत गेली. सगळ्यांत वरचे थर बार्शीचे होते, त्यात शंकाच नव्हती. तुरीच्या डाळीचा कोंडा जागोजाग दिसत होता. मधे मधे खेड्यांचे पातळ थर होते. शालनबाई एकेक ओळखू लागल्या. "हा चुलीचा धूर म्हणजे चिखर्ड्याची सखूबाई. हा पांढरा कसला? चुना. हां, पानगावचे ते दोघे भाऊ, घर रंगवत होते त्या दिवशी." त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या सहा वर्षांचं फिरणं असं कोणी जपून ठेवलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग रेघा तळाशी आल्या आणि रोहिणी थांबली.

"बार्शीच्या आधीचे अकरा थर आहेत. म्हणजे तुमच्याकडे यायच्या आधी कोणीतरी हा अकरा दिवस वापरला. पहिला थर पाच वर्षं, अकरा महिने आणि बावीस दिवसांपूर्वीचा. हमी संपायला अजून आठ दिवस आहेत, मॅडम."

शालनबाईंनी हात जोडले. रोहिणीने ते घाईघाईने खाली केले.

"थांबा. अर्धंच काम झालंय. धुळीनं तारीख दिली. पण बिल नसेल तर ज्याने विकत घेतला त्याने स्वतः येऊन तसं सांगावं लागतं. नाहीतर चोरीचा माल कोणीही आणेल."

"तो कोण हे मलाच माहीत नाही म्हणून तर..."

"गाव मिरज," रोहिणी म्हणाली. ती अजून पडद्याकडेच पाहत होती. "आणि ही धूळ साध्या घरातली नाही. सुकलेल्या भोपळ्याची साल, बारीक तासलेली. तुणीच्या लाकडाचा भुसा. लाख. हाडाचा चुरा. एवढं सगळं एका ठिकाणी कुठे असेल?"

मिरजेत सतारी बनतात हे शालनबाईंना ठाऊक होतं. भोपळ्याचा तुंबा, तुणीची दांडी, तारांखालची हाडाची घोडी. पण सतारीचा आणि त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. ज्यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं त्यांना सतार ऐकूच येत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या मिरजेला गेल्या. वाद्यांच्या गल्लीत उतरल्या तेव्हा दुकानांसमोर भोपळे उन्हात वाळत पडले होते. पहिल्या दुकानात त्यांनी विचारलं, "सहा वर्षांपूर्वी तुमच्यापैकी कोणी बार्शीला लॅपटॉप पाठवला होता का?" दुकानदाराने तानपुऱ्याची खुंटी पिळता पिळता त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बसायला स्टूल दिलं. दुसऱ्या दुकानात चहा मिळाला, माहिती मिळाली नाही. चौथ्या की पाचव्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्ही सतारी पाठवतो हो बाई, बाकी काही मागायचं तर बाजारात जा."

दुपार होत आली. गल्लीच्या टोकाशी एक लांबट कारखाना होता. दारातून आत लाकडाचा भुसा तरंगताना दिसत होता. एक माणूस दाराकडे तोंड करून जमिनीवर बसला होता. पंचावन्नच्या आसपासचा, दाढी पिकलेली. सतार त्याने उभी धरली होती, दांडीवर हनुवटी टेकवली होती आणि डोळे मिटून एकेक तार छेडत होता. तार छेडायची, थांबायचं, घोडीवर कानशीचा एक हात मारायचा, पुन्हा हनुवटी टेकवायची.

शालनबाई दारातच थबकल्या. तेहेतीस वर्षं त्यांनी मुलांना असं करताना पाहिलं होतं. शाळेच्या घंटेच्या खांबाला गाल लावून उभी राहणारी मुलं. हा माणूस ऐकत नव्हता. तो कंप हाडातून घेत होता.

त्याने डोळे उघडले आणि त्याला त्या दिसल्या. सतार त्याने जपून बाजूला आडवी ठेवली. मग दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी ठेवून ती एकदा घट्ट दाबली, आणि बोट त्यांच्याकडे केलं.

शालनबाईंना ती खूण माहीत नव्हती. पण डोळे माहीत होते.

"जब्बार," त्यांच्या तोंडून निघालं. "जब्बार मणेर."

त्यांच्या ओठांवरून त्याने आपलं नाव वाचलं आणि मान डोलावली.

बेचाळीस वर्षांपूर्वी शालनबाई चोवीस वर्षांच्या होत्या, शाळेत नव्याने लागलेल्या. तेव्हा शाळेचा नियम होता की मुलांनी तोंडानेच बोलायचं. हात हलवले की मूल आळशी होतं, त्याला वाचा फुटत नाही, असं त्या काळी सगळीकडेच शिकवलं जाई आणि शालनबाई तसंच शिकून आल्या होत्या. जब्बार कुर्डुवाडीचा, तेरा वर्षांचा, वर्गातला सगळ्यांत बोलका मुलगा, म्हणजे त्याचे हात एक क्षण थांबत नसत. एका तासाला त्यांनी आपल्या रुमालाने त्याची मनगटं बांधली होती. फक्त तासभर. तो दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला आणि शाळेत परत आलाच नाही.

त्यांनी पर्स खाली ठेवली आणि हात वर घेतले.

मी चुकले, त्यांनी खुणेने सांगितलं. तेव्हा. तुझे हात. मी चुकले.

जब्बारने ते लक्ष देऊन पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांना सुरकुत्या पडल्या.

तुमचा हात फार पुस्तकी आहे, तो खुणेने म्हणाला. 'चुकले' असं कोण करतं? हे बघा. आणि त्याने तीच खूण करून दाखवली, पण खांदे पाडून, भुवया उचलून, असा एक हेलकावा देऊन की शालनबाई रडता रडता हसल्या. त्याने ती त्यांच्याकडून तीन वेळा करवून घेतली आणि तिसऱ्यांदा तो समाधानाने मागे टेकला.

खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं नसतं, समोर बोट केलं की झालं. तरीही तो त्यांना बाई म्हणत होता हे त्यांना कळत होतं. ते बोटाच्या टोकात होतं.

मनगटं दाबलीस ती खूण कसली, त्यांनी विचारलं.

जब्बारने क्षणभर भुशाकडे पाहिलं. तुमचं नाव, तो म्हणाला. आम्ही मुलं तुम्हाला तेच म्हणायचो. नंतरच्या मुलांनीही तेच चालवलं असेल, मला माहीत नाही.

ते पुढेही चाललं होतं. मैदानात मुलं ती खूण करून पळताना शालनबाईंनी कितीदा पाहिलं होतं. कुठल्या तरी खेळातली असावी असं त्यांना वाटत आलं होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. मिरजेला तो भोपळ्यांच्या गाडीवर हमाल म्हणून आला. एका कारागिराने त्याला भोपळे वाजवून बघताना पाहिलं, म्हणजे कपाळाला लावून बघताना, आणि आत घेतलं. आता जवारी, म्हणजे सुरात गोडवा येण्यासाठी घोडी घासायचं काम, या गल्लीतले पाच कारखाने त्याच्याकडेच पाठवतात. ऐकणाऱ्यांचे कान दुपारी दमतात, तो म्हणाला, माझी हनुवटी दमत नाही.

आणि लॅपटॉप?

तारांचं बंडल एका वर्तमानपत्रात बांधून आलं होतं, त्यात तुमच्याबद्दल छापलं होतं. फोटोही होता. वाचून आधी राग आला. हात बांधणारी बाई आता हात गोळा करत फिरतेय. पेपर फेकला. मग उचलला. आठ दिवस विचार केला. चोवीस वर्षांची बाई जे शिकली ते तिने केलं. साठ वर्षांची बाई उलटं करतेय, तिला कोणी सांगितलंय करायला? स्वतःच करतेय. मग बायकोला विचारलं. सायरा म्हणाली, तुमच्याच्याने राहवणार नाही, देऊन टाका काय द्यायचं ते.

नाव का नाही लिहिलंस?

नाव लिहिलं असतं तर तुम्ही आला असता. मग मला माफ करावं लागलं असतं. तेव्हा जमलं नसतं.

आणि आता?

जब्बारने पुन्हा मनगटं एकमेकांवर ठेवली, पण या वेळी दाबली नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं गाठ सोडवावी तशी फिरवली, मनगटं सुटी झाली आणि दोन्ही पंजे उघडून हवेत वर गेले. मग त्याने त्यांच्याकडे बोट केलं.

हे तुमचं आजपासूनचं नाव.

शालनबाईंनी ते आपल्या हातांनी करून पाहिलं. जमेना, कारण डोळे भरल्यामुळे बोटं दिसत नव्हती. सायरा वाटीत शेवयांची खीर घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली आणि तिने दोघांना मनसोक्त वेळ दिला.

लॅपटॉप बंद पडला आहे हे शालनबाईंनी खीर खाताना सांगितलं. धूळ, मिरज, आठ दिवस, सगळं. जब्बार थक्क झाला. बिल तेव्हाच टाकून दिलं, तो म्हणाला. पण मी येतो. उद्या एक सतार द्यायचीय, परवा येतो.

ते अकरा दिवस तू काय करत होतास त्याच्यावर, त्यांनी विचारलं.

तो लाजला. कारखान्यातल्या शब्दांच्या माझ्या खुणा आहेत, तो म्हणाला. तुंबा, जवारी, खुंटी, तासणं. त्रेचाळीस. मी स्वतःच केलेल्या. त्या टिपून तुम्हाला पाठवायच्या होत्या. टिपल्या आणि मग पुसून टाकल्या. माझा चेहरा दिसला असता ना.

*

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी दुपारी दोघे सोलापूरच्या केंद्रात शिरले. पडद्याने नमस्कार केला.

"खरेदीदाराचं निवेदन नोंदवायचं आहे. कृपया आपलं नाव मोठ्याने सांगा."

जब्बारने खुणेने नाव सांगितलं.

"आवाज ऐकू आला नाही. कृपया आपलं नाव मोठ्याने सांगा."

शालनबाईंनी त्याचं नाव सांगितलं. पडद्याने तो आवाज लॅपटॉप आणणाऱ्या ग्राहकाचा असल्याचं ओळखलं आणि नम्रपणे नाकारला. तिसऱ्या खेपेला रोहिणी आतून बाहेर आली. सगळा प्रकार पाहून तिने पुण्याच्या मुख्य कार्यालयात फोन लावला आणि तो टेबलावर उघडा ठेवला.

"निवेदन आवाजातच लागतं," पलीकडचे अधिकारी म्हणाले. "गृहस्थ बोलू शकत नाहीत का?"

"बोलतायत साहेब," रोहिणी म्हणाली. "मघापासून बोलतायत. आपल्याच यंत्राला ऐकू येत नाहीये."



"बरं, मग तुम्ही सुचवा."

"ते कॅमेऱ्यासमोर खुणांनी सांगतील. तेच खाली मराठीत स्वतःच्या हाताने लिहून सही करतील. धुळीचा दाखला सोबत जोडते, त्यात मिरज आहे, त्यांचा कारखानाही मिरजेत आहे. चालेल?"

"चालायला हरकत नाही," अधिकारी म्हणाले. मग थोड्या वेगळ्या आवाजात, "असं पुन्हा कोणी आलं तर काय करायचं तेही लिहून पाठवा मला. नियमात घालू."

जब्बार कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याने शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि सांगायला सुरुवात केली. हा लॅपटॉप मी घेतला. माझ्या कमाईतून घेतला. बाईंना दिला. 'हमी' या शब्दाशी तो अडला. खुणेच्या भाषेत त्याच्याकडे हा शब्द नव्हता, शालनबाईंकडेही नव्हता. त्याने थोडा विचार केला. डावा पंजा उभा धरला, तो मागे कलंडू दिला आणि उजव्या हाताने त्याला पाठीमागून टेकू दिला. पडू देणार नाही. शालनबाईंनी जागच्या जागी ती खूण उचलली आणि रांगेतल्या दोन गिऱ्हाइकांनीही, कशासाठी ते न कळता, करून पाहिली.

पाटी जागी करायला सव्वा तास लागला. रोहिणीने ती उपसून एका तापत्या चौकटीत ठेवली, भिंगाखाली केसाएवढे बारीक दोन सांधे पुन्हा जोडले. शालनबाई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. जब्बारने तळहात टेबलावर सपाट ठेवला होता. पंखा फिरायला लागल्याचं सगळ्यांच्या आधी त्याला कळलं. त्याने शालनबाईंना कोपराने हलवलं आणि मग पडदा उजळला.

रोहिणीने पहिली जी फाइल हाताला लागली ती उघडली. चिखर्ड्याची सखूबाई, नऊवारीतली, बोळकं पसरून हसत, बाजरी कशी सांगायची ते दाखवत होती. मागच्या वर्षी ती गेली होती. तिच्या चार बोटांनी कणीस वर उचललं आणि अंगठ्याने दाणे सोडवले. शालनबाईंनी पडद्याच्या कडेवर हात ठेवला.

दुसऱ्या फाइलमध्ये पानगावचे दोघे भाऊ होते आणि शब्द होता 'जावई'. धाकट्याने मिशीला पीळ दिला, छाती काढली, आणि मग एकदम पुढे वाकून ताटात काय काय आहे ते बघितलं. जब्बार इतका हसला की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. खोलीतले सगळेच हसले. रांगेतला एक माणूस म्हणाला, "आमच्या धाकट्या जावयाचाच व्हिडिओ आहे हा," आणि जब्बारने ते त्याच्या ओठांवरून वाचून पुन्हा पहिल्यापासून हसायला सुरुवात केली.

निघायच्या आधी रोहिणीने लॅपटॉपची कागदपत्रं पडद्यावर उघडली. शेवटचा एक रकाना उरला होता. धूलिवाचनाचा अहवाल कंपनीच्या संग्रहात कायम ठेवावा का? त्याच्यासमोर 'हो' आधीच भरलेलं होतं.

"हे ठेवलंत तर पुढे कधीच बिल लागणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आलात की यंत्र तुम्हाला ओळखेल."

"बरंच आहे की," शालनबाई म्हणाल्या.

जब्बारने त्यांच्या खांद्यावर बोटांनी टकटक केली आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. शालनबाईंचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. मग त्यांनी ते रोहिणीला बोलून दाखवलं.

"तो म्हणतोय, मी नाव लपवलं होतं. धुळीनं सांगून टाकलं. बाई आल्या म्हणून मला आनंद झाला. पण मला कोणी विचारलं नव्हतं. बाईंच्या ऐवजी दुसरं कोणी आलं असतं तर?"

रोहिणीने रकान्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत तिने असे शंभरावर अहवाल संग्रहात टाकले होते. कोणाच्या घरात कुठली धूळ, कोण कधी कुठे किती दिवस राहिलं. 'हो' भरलेलंच यायचं, म्हणून तिने ते कोणाला कधी वाचून दाखवलं नव्हतं. तिने 'हो' पुसलं, 'नाही' लिहिलं आणि काचेवरची करडी पट्टी एका पाकिटात घालून शालनबाईंच्या हातात दिली.

"उद्या पुन्हा कोणीतरी बिल न घेता येईल," ती म्हणाली. "त्याचंही काहीतरी अडलेलं असेल, तुमच्यासारखंच. धूळ वाचायला मी नाही म्हटलं तर त्याचा साठा चिरडला जाईल. हो म्हटलं तर जो सापडू इच्छित नाही तो सापडेल. मग मी करायचं तरी काय?"

शालनबाईंनी ते खुणांत सांगितलं. जब्बारने हनुवटी मुठीवर टेकली, बाहेरच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि मग रोहिणीकडे वळून सावकाश हात हलवले. शालनबाई त्याच्या हातांकडे बघत बघत बोलत गेल्या.

"तो विचारतोय, यंत्राला जे जे दिसतं ते सगळं सांगूनच टाकायला हवं, असं तुला कोणी सांगितलं?"